मेट्रो ताशी ८० ने पळते, मग कफ परेडला पोचायला तास का लागतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि इतकी वर्षं पत्र्यांमागे चाललेलं ते काम एकदाचं संपलं. पहिल्या आठवड्यातलं कौतुक ओसरल्यावर लोक हिशेबाला बसले. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, वेळ जवळपास एक तास. भुयारात चौकातला सिग्नल नाही, खड्डे नाहीत, वरात नाही. गाडी ताशी ८० च्या पुढे जाऊ शकते असं सांगतात. ताशी ८० ने हेच अंतर पंचवीस मिनिटांत कापलं जायला हवं. मग उरलेली अर्ध्या तासाहून जास्त वेळ कुठे गेली?

कोणी म्हणतं गाडी मुद्दाम हळू चालवतात, कोणी म्हणतं ८० चा आकडाच थाप आहे. दोन्ही चूक. हरवलेली मिनिटं कुठे जातात ते नीट मोजता येतं, आणि त्याला शाळेतल्या गणितापलीकडे काही लागत नाही.

एका गाडीचे तीन वेग

गाडीचा वेग म्हणून तीन वेगवेगळे आकडे फिरत असतात. पहिला आराखड्यातला वेग: गाडी, रूळ आणि ब्रेक जास्तीत जास्त किती सोसू शकतात ती मर्यादा. दुसरा कमाल वेग: रोजच्या चालवण्यात गाडीला जिथवर जाऊ देतात तो, आराखड्यातल्यापेक्षा थोडा कमी. तिसरा सरासरी वेग: एकूण अंतर भागिले एकूण वेळ, त्यात गाडी दारं उघडून उभी असते ती वेळही धरायची.

उद्घाटनाच्या भाषणात पहिला किंवा दुसरा आकडा येतो. आपल्या घड्याळाला कळतो तो तिसरा.

जून २०१४ पासून धावणारी मेट्रो १ घ्या. वर्सोवा ते घाटकोपर ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, २१ मिनिटं. सरासरी निघते ताशी साडेबत्तीस. मेट्रो ३ चीही तेहतीस ते पस्तीसच्या घरात. एक खांबांवरून जाते, दुसरी जमिनीखालून. दोन्ही बांधल्या गेल्या त्यात दहा वर्षांचं अंतर, डबे वेगळे, कंपन्या वेगळ्या, तरी आकडा तोच. याचा अर्थ कारण गाडीत नसून मार्गाच्या रचनेत आहे.

एक किलोमीटर, सेकंदासेकंदाने

शहरी मेट्रोत दोन स्टेशनांमध्ये साधारण एक ते सव्वा किलोमीटर अंतर असतं. सोयीसाठी एक किलोमीटर धरू आणि गाडी एका स्टेशनातून सोडू.

गाडी वेग घेते तो दर सेकंदाला ताशी ३.६ किलोमीटर या हिशेबाने. मोटरमध्ये यापेक्षा जास्त ताकद असते, पण गाडीत माणसं उभी असतात. एका हातात हँडल, दुसऱ्यात मोबाइल, पाठीवर सॅक. यापेक्षा बऱ्याच जोरात ओढली तर ती मागच्याच्या अंगावर जातील. ब्रेकचंही तसंच. म्हणून जगभरातल्या मेट्रो आणि लाइट रेल (ट्रामसारख्या हलक्या गाड्या) साधारण याच मर्यादेत वेग घेतात आणि सोडतात.

या हिशेबाने शून्यावरून ८० वर जायला २२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात २५० मीटर मागे पडतात. पुढच्या स्टेशनात थांबायला पुन्हा २२ सेकंद आणि २५० मीटर. मध्ये उरले ५०० मीटर. ते पूर्ण वेगाने २३ सेकंदांत संपतात. एकूण ६७ सेकंद. स्टेशनात गाडी ३० सेकंद उभी राहिली असं धरलं तर ९७.

एक किलोमीटरला ९७ सेकंद म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. या ९७ सेकंदांत गाडी ताशी ८० ने धावली ती फक्त २३ सेकंद. म्हणजे ८० चा आकडा खरा आहे, पण तो प्रवासाच्या पाव भागापुरताही नाही.

सोसायट्यांच्या गल्लीत दर पन्नास पावलांवर स्पीडब्रेकर असतो, तिथे मर्सिडीज आणि रिक्षा नाक्यावर जवळपास बरोबरच पोचतात. मर्सिडीजचं इंजिन रिक्षाच्या कितीतरी पट मोठं, पण ते वापरायला गल्लीत जागाच नाही. मेट्रोसाठी प्रत्येक स्टेशन हा असा स्पीडब्रेकर आहे. वर तिथे पूर्ण थांबून दार उघडायचं असतं.

मग वेग शंभर करा की!

करून पाहू. ताशी १०० पर्यंत जायला २८ सेकंद आणि ३८६ मीटर. थांबायलाही तेवढेच. मध्ये उरले जेमतेम २२८ मीटर, ते आठ सेकंदांत संपले. एकूण ६४ सेकंद. वाचले तीन-साडेतीन सेकंद.

मेट्रो ३ वर स्टेशनांमधलं अंतर सरासरी १.३ किलोमीटर आहे, म्हणून तिथे थोडे जास्त वाचतील. सगळ्या मार्गावर मिळून अडीच मिनिटांच्या आसपास, तेही मार्ग सरळ असता तर. प्रत्यक्षात वळणांवर वेग उतरवावा लागतोच. या अडीच मिनिटांसाठी प्रत्येक वेळी गाडीला दीडपटीहून जास्त ऊर्जा द्यावी लागेल, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रेक लावताना यातली काही वीज परत तारेत जाते हे खरं, पण सगळी नाही. मोठ्या मोटरी, मोठे ब्रेक, जास्त झीज हे वेगळंच. हा सौदा कोणताही शहाणा इंजिनीअर करणार नाही.

ताशी १२० तर गाडी गाठूच शकत नाही. ११४ च्या आसपास पोचेपर्यंत निम्मा किलोमीटर संपलेला असतो आणि ब्रेक लावायची वेळ येते.

खरे सेकंद दारापाशी

आता वेग तोच ठेवा आणि थांबा ३० सेकंदांऐवजी २० सेकंदांचा करा. दर स्टेशनामागे १० सेकंद वाचले. कमाल वेग शंभर करून मिळत होते त्याच्या जवळपास तिप्पट, आणि एक पैशाची नवी मोटर न घेता. मेट्रो ३ च्या मधल्या २५ स्टेशनांवर मिळून हे चार मिनिटांच्या वर जातं.

म्हणून दार उघडं असताना काय घडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. गाडी थांबते. एक-दोन सेकंद काहीच होत नाही. गाडीचं दार आणि फलाटावरचं काचेचं दार बरोबर समोरासमोर आलंय का, याची यंत्रणा खातरजमा करत असते. मग दोन्ही दारं सरकतात. उतरणारे बाहेर पडायला लागतात. त्यातला एक उंबऱ्यावरच थबकून पाटीवर बाहेर जायचा रस्ता वाचतो आणि त्याच्या मागचे सगळे अडकतात. चढणारे दोन्ही बाजूंनी आत घुसू बघतात. आत शिरलेले दारातच उभे राहतात, कारण मध्ये सरकलं तर उतरताना त्रास होईल अशी भीती. सूचनेचा आवाज होतो, दार मिटायला लागतं, तेवढ्यात जिन्यावरून धावत आलेल्या कोणाची तरी बॅग मध्ये येते. दार उघडतं. पुन्हा आवाज, पुन्हा मिटणं. झाले सात-आठ सेकंद जादा.

हे सात-आठ सेकंद एकाच स्टेशनाचे राहिले असते तर प्रश्न नव्हता. गाडी उशिरा पोचली की पुढच्या फलाटावर तेवढी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ घेतात, गाडी आणखी मागे पडते. तिच्या मागच्या गाडीला माणसं कमी मिळतात, ती लवकर सुटते आणि पुढचीच्या शेपटाला लागते. पाऊण तास बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन बस एकापाठोपाठ, यामागेही हीच साखळी असते.

लोकलच्या प्रवाशांनी या प्रश्नावर त्यांच्या पद्धतीने तोडगा काढलेला आहे. एक-दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे रांग लागते. "दादर का?" एवढंच विचारायचं, समोरचा दादरचा नसेल तर तो स्वतःहून बाजूला होऊन जागा बदलून घेतो. गाडी फलाटात शिरेपर्यंत उतरणारे पुढे, न उतरणारे मागे, अशी मांडणी तयार असते. मेट्रोत ही शिस्त अजून रुजलेली नाही. ती रुजली तर कोणत्याही यंत्रणेपेक्षा जास्त सेकंद वाचवेल असं माझं मत आहे.

लोकलचा दुसरा तोडगा मात्र जिवावरचा आहे. उघड्या दारातून गाडी थांबण्याआधी उतरणं आणि सुटल्यावर चढणं यामुळे लोकलचे थांबे कागदावर फार आखूड राहिले. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं पडून मेली, आणि त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप मिटणारी दारं बसवायचं रेल्वेने जाहीर केलं. एसी लोकल २०१७ च्या डिसेंबरपासून बंद दारांनी धावतेच आहे आणि गर्दीच्या स्टेशनात तिचं दार मिटताना काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. साध्या लोकलची दारं मिटायला लागली की प्रत्येक थांबा काही सेकंदांनी वाढणार. धीम्या गाडीचे वीस-पंचवीस थांबे धरले तर दोन ते चार मिनिटं. ती सोसायलाच हवीत, पण वेळापत्रक आधी बदलावं, नाहीतर रोजच्या 'गाड्या उशिराने धावत आहेत' या घोषणेत भरच पडेल.

"पण माझी लोकल तर जास्त पळते"

फास्ट असेल तर हो. चर्चगेट ते बोरिवली ३४ किलोमीटर, म्हणजे जवळपास मेट्रो ३ एवढंच अंतर. धीमी लोकल मधली वीस स्टेशनं घेत तासाहून थोडी जास्त वेळ घेते. सरासरी ताशी ३१-३२. मेट्रोच्या फारशी पुढे नाहीच, खरं तर किंचित मागे. स्टेशनं मेट्रोपेक्षा लांब लांब असूनही असं होतं, कारण लोकल लांब आणि जड, शिवाय मेट्रोइतक्या झटक्याने वेग घेत नाही.

फास्ट लोकल तेच अंतर पन्नास मिनिटांच्या आसपास कापते. डबे तेच, मोटरमन त्याच तोडीचा. फरक एवढाच की ती बरीचशी स्टेशनं न थांबता ओलांडते.

मग मेट्रोलाही फास्ट का नको? कारण फास्टला वेगळे रूळ लागतात. पश्चिम आणि मध्य रेल्वेवर धीम्या आणि जलद गाड्यांसाठी स्वतंत्र जोड्या आहेत. मेट्रोचा मार्ग म्हणजे एक जाणारा रूळ आणि एक येणारा. पुढची गाडी स्टेशनात उभी असेल तर मागच्या फास्टने तिच्या मागेच रांगायचं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कित्येक मार्गांवर चार रूळ आहेत, म्हणून तिथे एक्सप्रेस गाड्या धावतात. आपण दोनच बोगदे खणले. चार खणायचे तर खर्च जवळपास दुप्पट झाला असता आणि गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींखालून ते नेणं किती अवघड होतं, ते दोन बोगद्यांच्या वेळीच दिसलं.

एका स्टेशनची किंमत: बावन्न सेकंद

मधलं एक स्टेशन काढून टाकलं तर किती वाचेल? थांबण्याचे ३०, आणि ब्रेक लावून पुन्हा वेग घेण्यात, न थांबता जाण्यापेक्षा, जादा लागणारे २२. एकूण ५२ सेकंद. पाऊण मिनिटापेक्षा थोडं जास्त.

डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राम मंदिर स्टेशन सुरू झालं. तिथल्या लोकांची कित्येक वर्षांची पायपीट संपली. मालाड, कांदिवली, बोरिवलीहून धीम्या गाडीने येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला मात्र जवळपास एक जादा मिनिट आलं. ते कोणी फारसं बोलून दाखवलं नाही, कारण एक मिनिट जाणवत नाही. प्रत्येक नव्या मार्गावर 'आमच्या नाक्यावर पण स्टेशन द्या' ही मागणी होते, आणि ती मान्य करणाऱ्याला फुलं मिळतात. त्यापुढच्या सगळ्यांचं मिनिट कोणाच्या खात्यावर चढत नाही.

तरी शहराच्या आत मी स्टेशनांच्या बाजूने आहे. स्टेशन अर्धा किलोमीटर लांब गेलं तर चालायला सहा-सात मिनिटं लागतात, पावसाळ्यात आणि म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त. गाडीत बसलेल्याचं एक मिनिट वाचवायला रस्त्यावरच्याची सात मिनिटं घालवणं परवडत नाही. म्हणूनच एक-सव्वा किलोमीटरचं अंतर बहुतेक शहरांनी पसंत केलंय. साधारण ३५ ची सरासरी ही त्या निवडीचीच किंमत आहे.

लाइट रेल आणि ट्रामचं काय?

'मेट्रोवर इतका पैसा कशाला, रस्त्यावरून लाइट रेल न्या' असं अधूनमधून सुचवलं जातं. लाइट रेल म्हणजे ट्रामची सुधारलेली वंशज: हलकी, कमी डब्यांची गाडी, काही भाग रस्त्यावरून तर काही भाग स्वतःच्या राखीव पट्ट्यातून. केंद्र सरकारने २०१९ मध्ये 'मेट्रोलाइट' नावाने याचे निकष काढले. त्यात कमाल वेग ताशी ६० आहे.

वरचाच हिशेब इथे लावू. रस्त्यावरचे थांबे जवळ जवळ असतात. ५०० मीटर धरा. ताशी ६० पर्यंत जाऊन थांबायला ४७ सेकंद, दारं २५ सेकंद उघडी. सरासरी आली ताशी २५. हे झालं एकही सिग्नल न लागता. प्रत्येक चौकात गाडी अर्धा-पाऊण मिनिट अडकली तर आकडा पंधरा-सोळाकडे घसरतो. ट्रामचं प्रचंड जाळं असलेल्या मेलबर्नमध्ये सरासरी ताशी १६ च्या आसपासच आहे, कारण तिथल्या बहुतेक ट्राम मोटारींबरोबर रस्ता वाटून घेतात.

यावर उपाय म्हणजे गाडी येताना दिसली की सिग्नलने आपोआप तिच्यासाठी हिरवं व्हायचं. युरोपातल्या अनेक शहरांत असं चालतं. पण दर चार मिनिटांनी दोन्ही दिशांनी गाडी आली, तर आडव्या रस्त्याला सतत लाल मिळणार. एलबीएस मार्गासारख्या गर्दीच्या रस्त्यावर हे करून बघायला वाहतूक पोलिसांची छाती हवी.

मुंबईने ट्राम पाहिलेली आहे. १८७४ मध्ये घोड्यांची, १९०७ पासून विजेची. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम दादरला गेली आणि मागे दादर टीटी हे नाव राहिलं. त्यातलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मोटारी वाढल्या, ट्राम त्यांच्यात अडकली, आणि मग तीच अडथळा ठरवली गेली. रस्ता राखून न ठेवता पुन्हा ट्राम आणली तर दुसऱ्यांदाही तेच होईल.

आपला आपण हिशेब करा

कोणत्याही नव्या मार्गाची वेळ ताडून पाहायला दोन आकडे पुरतात: अंतर आणि स्टेशनं. ताशी ८० ने एक किलोमीटरला ४५ सेकंद लागतात. म्हणून किलोमीटर गुणिले ४५, अधिक मधली स्टेशनं गुणिले ५२.

मेट्रो १ ला लावा: साडेआठ मिनिटं आणि पावणेनऊ मिनिटं, सुरुवात-शेवटाचे थोडे सेकंद धरून साडेसतरा. प्रत्यक्षात २१ लागतात. मेट्रो ३ चे येतात ४७, लागतो जवळपास तास. दोन्हीकडे वीस टक्क्यांच्या आसपास जादा.

या वीस टक्क्यांत वळणं आहेत, चढउतार आहेत, गर्दीच्या स्टेशनांवरचे लांबलेले थांबे आहेत. आणि राखीव वेळही आहे. वेळापत्रक गाडीच्या पूर्ण ताकदीवर आखलं तर सकाळी आठला झालेला दोन मिनिटांचा उशीर रात्रीपर्यंत भरून निघणार नाही, कारण पळवायला जागाच उरलेली नसेल. म्हणून थोडी वेळ हाताशी ठेवतात. सगळं सुरळीत असेल तर गाडी मध्येच वीज तोडून नुसती घरंगळत जाते आणि तेवढी वीज वाचते. 'मुद्दाम हळू चालवतात' हा आरोप इथे थोडासा खरा आहे, पण त्या हळू चालण्यातच उशीर भरून काढायची सोय असते.

घड्याळ घरापासून सुरू होतं

आतापर्यंत आपण गाडीत बसलेल्याचाच विचार केला. गाडीची वाट पाहणं हाही प्रवासच. गाडी दर आठ मिनिटांनी असेल तर सरासरी चार मिनिटं फलाटावर जातात. दर चार मिनिटांनी असेल तर दोन. म्हणजे गाड्या दुप्पट केल्या की प्रत्येक प्रवाशाची दोन मिनिटं वाचतात, मग तो एक स्टेशन जावो की पंचवीस. ताशी शंभरच्या वेगाने अडीच मिनिटं फक्त टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्याला मिळत होती.

मोनोरेलचं उदाहरण समोर आहे. चेंबूर ते जेकब सर्कल, खाली तुंबलेला रस्ता आणि वरून मोकळी वाट. गाडी एकदा मिळाली की प्रवास वाईट नव्हता. पण गाड्या इतक्या कमी की एक चुकली तर पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं. तेवढ्यात माणूस खाली उतरून बस किंवा शेअर टॅक्सी धरायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये गाडी खचाखच भरून मध्येच अडकली, शेकडो लोकांना शिडी लावून उतरवावं लागलं आणि सप्टेंबरात सुधारणांसाठी सेवा थांबवली गेली. ती परत सुरू करताना कमाल वेगाची चर्चा कोणी करू नये. दर किती मिनिटांनी गाडी, एवढंच विचारावं.

भुयारी मेट्रोत आणखी एक भर पडते. रस्त्यावरून आत शिरायचं, बॅग तपासणीच्या यंत्रात टाकायची, गेटवर कार्ड लावायचं, मग दोन सरकते जिने. उतरल्यावर हेच उलटं, आणि चुकीच्या बाजूने वर आलात तर सिग्नल ओलांडून परत यायचं. दोन्ही टोकांना मिळून आठ-दहा मिनिटं सहज जातात. पाच स्टेशनांच्या प्रवासात गाडी जेमतेम तेवढीच वेळ घेते. जास्त प्रवेशद्वारं, गर्दीच्या वेळी जास्त तपासणी यंत्रं आणि अंधारात वाचता येतील अशा पाट्या, यातून वाचणारी मिनिटं बोगद्यातल्या कोणत्याही सुधारणेपेक्षा स्वस्तात मिळतील.

विमानतळाच्या मेट्रोचा प्रश्न

हे सगळं गणित उपयोगी पडणार आहे ते मेट्रो ८ साठी. मुंबईचा जुना विमानतळ आणि डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ यांना जोडणारा हा प्रस्तावित मार्ग. साधारण ३५ किलोमीटर आणि २० स्टेशनं.

आपलं सूत्र लावू. अंतराची २६ मिनिटं, मधल्या १८ स्टेशनांची साडेपंधरा, त्यावर वीस टक्के. पन्नास मिनिटांच्या आसपास. हा माझा हिशेब आहे, अधिकृत वेळापत्रक नव्हे, आणि कमाल वेग वाढवला तर तो थोडा खाली येईल. मधली पाचच स्टेशनं घेतली तर तोच प्रवास ३७ मिनिटांचा होतो. दिल्लीची विमानतळ एक्सप्रेस २०११ मध्ये सुरू झाली तेव्हा पावणेतेवीस किलोमीटरमध्ये सहाच स्टेशनं ठेवली होती. मार्ग मोकळा होता, म्हणूनच पुढे तिचा वेग ताशी १२० वर नेण्यात अर्थ होता. आज नवी दिल्लीहून टर्मिनल ३ ला पंधरा-सोळा मिनिटांत पोचता येतं. दिल्ली-मेरठची नमो भारत ताशी १६० ने धावते, तिचीही स्टेशनं काही किलोमीटरच्या अंतराने आहेत.

मग मेट्रो ८ ची स्टेशनं कमी करावीत का? चेंबूर, मानखुर्द, वाशी, नेरूळच्या रोजच्या प्रवाशाला हा मार्ग विमानासाठी नको आहे, कामावर जायला हवा आहे, आणि त्याची संख्या बॅगा ओढणाऱ्यांच्या कितीतरी पट असणार. त्याची स्टेशनं तोडून विमानवाल्यांची तेरा मिनिटं वाचवणं मला पटत नाही.

मधला रस्ता आहे. दोन-तीन स्टेशनांत फलाटाबाहेरून जाणारा जादा रूळ टाकायचा. सगळीकडे थांबणारी गाडी तिथे बाजूला उभी राहते आणि थेट जाणारी तिला ओलांडून पुढे जाते. याला चार रुळांइतका खर्च येत नाही. मात्र थेट गाड्या किती आणि कोणत्या स्टेशनात कोणाला ओलांडणार हे आधी ठरवावं लागतं, कारण जादा रूळ त्याच ठिकाणी हवा. उन्नत मार्गावर त्यासाठी खांब रुंद लागतात आणि जमीन जास्त लागते. म्हणजे हा निर्णय निविदा काढण्याआधीचा आहे. खांब उभे राहिल्यावर तो घेता येत नाही.